उलगुलान की बॉक्सर? एकच प्रोजेक्ट करायचा असेल तर

विषय ठरलेला असतो, परक्यांविरुद्ध शेतकरी उठला त्यात धर्माचा हात किती, आणि मग उदाहरण कुठलं घ्यायचं इथे गाडी अडते. फिरून फिरून निवड दोघांवर येते, बिरसा मुंडाचं उलगुलान, म्हणजे छोटानागपुरातल्या (आजच्या झारखंडातल्या) मुंडा आदिवासींचा उठाव, नाहीतर चीनमधले बॉक्सर, म्हणजे परदेशी आणि ख्रिश्चनांवर उठलेले गावोगावचे आखाडेवाले. मी दोन्हींच्या वाटेला गेलोय, एक अर्धवट सोडलं आणि दुसरं पूर्ण केलं, त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असणार हे आधीच सांगून टाकतो. (दख्खनचे दंगे का नको असं एका मित्राने विचारलं. चांगला विषय आहे हो, पण १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्यात देव कुठे आलाच नाही, मग धर्मावर लिहिणार काय.)

दोन्हींची सगळी कथा इथे सांगत बसत नाही. एक गोष्ट मात्र दोन्ही पुस्तकं शेजारी उघडल्याशिवाय लक्षात येत नाही. २४ डिसेंबर १८९९ ला, नाताळच्या आदल्या रात्री, छोटानागपुरात बिरसाच्या माणसांनी चर्चवर आणि मिशनवर बाण सोडले, आणि बरोबर आठवड्याने, ३१ डिसेंबरला, चीनच्या शान्तुंग प्रांतात ब्रुक्स नावाचा इंग्रज पाद्री मारला गेला. यांना त्यांची खबर नाही, त्यांना यांची नाही. दोन्हीकडे पाऊसपाण्याची बोंब, दोन्हीकडे गोळी आपल्याला लागत नाही हा विश्वास, आणि दोन्हीकडे समोर उभा पाद्री. मला वाटलं चला, सारखंच प्रकरण आहे, कुठलंही घ्या.

पण तसं नाहीये, आणि फरक पाद्र्यातच आहे.

चीनमध्ये राग कशाचा होता तर पाद्री कोर्टकचेरीत फार उभा राहायचा याचा. गावात भांडण झालं आणि त्यातला एक जण ख्रिश्चन असला की मिशन मध्ये पडणार, मिशनमागे परदेशी वकिलात, आणि जिल्ह्याचा अधिकारी घाबरून निकाल तिकडे देणार. मार्च १८९९ मध्ये तर कॅथलिक बिशपला प्रांताच्या गव्हर्नरच्या बरोबरीचा मान देणारं फर्मानच निघालं. लियुआनतुन नावाच्या गावात जेड सम्राटाच्या देवळाची जागा वाटणीत ख्रिश्चनांकडे गेली, तिथे चर्च बांधायचं ठरलं, आणि ते भांडण १८६९ पासून जवळपास तीस वर्षं चाललं. वर जत्रेची वर्गणी. ख्रिश्चनांना देवळाच्या उत्सवाची, नाटकांची वर्गणी माफ होती, म्हणजे तेवढा भार बाकीच्यांवर. आपल्याकडच्या कुठल्याही गावातल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळेल, यात येशू किती आणि वर्गणी किती तुम्हीच बघा.

छोटानागपुरात अगदी उलटं. तिथे पाद्री पुरेसा उभा राहिला नाही म्हणून राग. खुंटकट्टीची जमीन, म्हणजे ज्यांच्या वाडवडिलांनी जंगल तोडून शेत केलं त्यांची, ती हळूहळू ठेकेदार-जमीनदारांच्या घशात जात होती, वर वेठबेगारी, आणि खटल्यात साथ मिळेल या आशेने बरेच मुंडा मिशनकडे गेले, आधी जर्मन लूथरनांकडे, मग त्यातले काही कॅथलिकांकडे. थोडीफार मदत झालीही. पण मुंडांच्या सरदारांना हवं होतं ते गावच्या गाव परत, आणि ते काही होईना. तेव्हाचं त्यांचं ते प्रसिद्ध वाक्य, साहेब साहेब एक टोपी, म्हणजे पाद्री काय नि सरकारी साहेब काय, सगळे एकच. बिरसा स्वतः चाइबासाच्या मिशन शाळेतला, तिथून बाहेर पडला, काही काळ बंदगावच्या वैष्णव गुरूकडे राहिला, आणि १८९५ ला स्वतःच धर्म सांगायला लागला, एकच सिंगबोंगा (मुंडांचा सर्वांत मोठा देव) माना, भुतांना बळी देऊ नका वगैरे.

आता प्रश्न धर्माने उठाव घडवला का हाच असेल तर कागदावर बिरसाचं पारडं जड आहे, हे कबूल करायलाच पाहिजे. सरदारांनी तीसेक वर्षं अर्ज केले, वकील केले, पैसे घातले, काही झालं नाही, आणि हा विशीतला पोरगा देवमाणूस म्हणून पुढे आला तेव्हा कुठे धनुष्य निघालं. जमिनीचं दुखणं तेच, फक्त मधे श्रद्धा आली. याहून सुटसुटीत पुरावा काय पाहिजे? (तरी एक खडा आहे. १८३१-३२ ला याच भागात कोल उठाव झाला आणि तेव्हा मिशनवाले आलेच नव्हते, ते रांचीला आले १८४५ ला, आणि बिरसासारखा एक देवमाणूसही तेव्हा पुढे नव्हता. म्हणजे धर्म लागतोच असं नाही. गाईडने मला हाच प्रश्न टाकला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.)

मग मी बिरसा सोडला का? खरं सांगायचं तर एका वैतागामुळे, आणि तो वैताग अभ्यासाचा नव्हताच.

बिरसाबद्दल तोंड उघडलं की समोरच्याला आधी हे हवं असतं की तो कोणाचा. आमच्या छोट्या अभ्यासमंडळात मी पहिली वीस पानं वाचून दाखवली. एकाचं म्हणणं ख्रिश्चन शाळेचा उल्लेख एवढा कशाला, दुसऱ्याला वैष्णव गुरू खटकला, तिसरे म्हणाले सरना, म्हणजे आदिवासींचा मूळ धर्म, तेवढंच लिहा, दुसरं काही लिहू नका, आणि ते तिघं एकमेकांत असे जुंपले की चहा गार झाला. सगळे आपापल्या जागी प्रामाणिक होते, मी दोष देत नाही. लोक त्याला धरती आबा म्हणतात, त्याची जयंती १५ नोव्हेंबर, २०२१ पासून सरकारी पातळीवर जनजातीय गौरव दिवस, तो आज जिवंत विषय आहे आणि असायलाच पाहिजे. पण मला विचारायचं होतं श्रद्धेमुळे माणूस धनुष्य उचलतो का, आणि प्रत्येक वेळी मला बिरसाचा धर्माचा दाखला काढून द्यायला लागत होता. पुढच्या मसुद्यात मी प्रत्येक वाक्याला शेपूट लावायला लागलो, काहींच्या मते, असेही मानले जाते, आणि महिनाभराने बघतो तर लेखात फक्त शेपट्याच.

बॉक्सरांबाबत खोलीत कोणाचंच काही अडकलेलं नाही. तुम्ही म्हणा की हे लोक नाटकातले देव अंगात आणायचे, योद्धा देव क्वान यू, वानरराज सुन वुखोंग, आणि त्याचा तो डुक्करतोंड्या सोबती सुद्धा, आणि मग ती पंधरा-सोळा वर्षांची पोरं तलवार फिरवायची, कोणी चिडत नाही, उलट लोक विचारतात पुढे काय झालं. देव जत्रेच्या नाटकातले, म्हणजे तीच वर्गणी बरं का. तिथे एक गुरू नाही, एक पोथी नाही, प्रत्येक गावाचा आखाडा वेगळा, त्यामुळे बॉक्सरांचा धर्म काय हे एका पानात लिहायला बसलात तर हात टेकाल. मीही टेकले.

पण एक गोष्ट बॉक्सरांकडे आहे जी मला बिरसाकडे सापडली नाही, ती म्हणजे पाऊस आणि उठाव यांचा असा थेट धागा. १८९८ ला पिवळ्या नदीचा पूर, मग दुष्काळ, आणि भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकांत सरळ लिहिलेलं की पाऊस पडत नाही कारण चर्चांनी आभाळ अडवलंय. हे झालं धर्माचं बोलणं. आता गंमत बघा, १९०० च्या एप्रिलमध्ये काही भागात पाऊस झाला तेव्हा तिथले बरेच लोक आखाडा सोडून पेरणीला गेले. ब्रिटनचे पेकिंगमधले प्रतिनिधी मॅकडोनल्ड यांनी मे महिन्यात कळवलं होतं की कुठल्याही सरकारच्या उपायापेक्षा चांगला पाऊस जास्त शांतता आणेल. पण बाकीकडे पाऊस आला नाही, लोक रिकामे राहिले, आणि जूनमध्ये पेकिंगमधल्या परदेशी वकिलातींना वेढा पडला. माझे आजोबा कोरडवाहूवाले, वाफसा आला की घरातलं भांडण सुद्धा उद्यावर ढकलायचे, त्यामुळे मला हे वाचताना कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. श्रद्धा खोटी होती असं मी म्हणत नाही, पण ती पेरणीच्या आड येत नव्हती हे तरी दिसतं.

बॉक्सरांचा तोटा म्हणजे चिनी आपल्याला येत नाही आणि बरंचसं पाद्र्यांनीच लिहिलेलं. तसं बिरसाचंही बरंच पोलिसांच्या आणि मिशनच्या कागदांतूनच येतं, पण तिथे निदान मुंडारी गाणी आहेत. बॉक्सर मोडायला गेलेल्या फौजेत आपलेही शिपाई होते आणि त्यातल्या राजपूत पलटणीच्या ठाकूर गदाधर सिंह यांनी हिंदीत आठवणी लिहिल्यात, चिन्यांबद्दल चक्क कळवळ्याने, ते जरूर वाचा, निदान मधे इंग्रजी नाही.

तुम्हाला रांची-खुंटीकडे चार आठवडे राहता येणार असेल, किंवा मुंडारी जाणणारं कोणी ओळखीचं असेल, तर बिरसाच घ्या, माझं ऐकू नका. सरवदा मिशनचे जे फादर हॉफमन त्या नाताळच्या हल्ल्यातून वाचले तेच पुढे १९०८ च्या छोटानागपुर टेनन्सी (म्हणजे कुळांच्या जमीनहक्काच्या) कायद्याच्या कामात होते, एवढ्यावरच एक प्रकरण होईल. पण घरी बसून, नोकरी सांभाळून, सहा महिन्यांत संपवायचं असेल तर मला वाटतं बॉक्सर बरे. फक्त पहिल्याच दिवशी एक वही करा, डावीकडे जुन्या पुस्तकातलं नाव, उजवीकडे नव्या नकाशातलं, शान्तुंग म्हणजे शानदोंग, चिहली म्हणजे बहुतेक आजचा हबेई, तिन्त्सिन म्हणजे थ्येनचिन. मी ती वही तिसऱ्या महिन्यात केली, तोवर एकाच गावात दोनदा दंगल लावून झाली होती.