नैराश्यावरची झटपट औषधं: वेग कोणाचा किती, आणि टिकतं काय?

नैराश्यासाठी केटामाइनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती तासांत फरक पडेल?" निवड करायची असेल तर मी त्याआधी दुसरा प्रश्न विचारेन. पडलेला फरक पुढे टिकवणार कशाच्या जोरावर? "झटपट" म्हणून ओळखली जाणारी औषधं तिथेच एकमेकांपासून वेगळी होतात.

आधी नेहमीच्या गोळ्या हळू का चालतात ते पाहू. फ्लुऑक्सेटिन, सरट्रालिन, एस्सिटालोप्राम ही औषधं पहिल्या दिवसापासूनच सेरोटोनिन, म्हणजे चेतापेशींमधलं एक निरोप्या द्रव्य, पेशीत परत शोषलं जाऊ देत नाहीत. पण सेरोटोनिन सोडणाऱ्या चेतापेशींवर स्वतःचेच रिसेप्टर, म्हणजे असे निरोप टिपणारी प्रथिनं, असतात. बाहेर सेरोटोनिन वाढलेलं दिसलं की ते पेशीला आवरतं घ्यायला लावतात. हे रिसेप्टर सैल पडायला आणि चेतापेशींमधल्या जोडण्या बदलायला आठवडे जातात. औषध वेळेवर पोचतं, उशीर होतो तो मेंदूच्या जुळवून घेण्याला.

केटामाइन हा टप्पाच टाळतं. 1970 पासून भुलीसाठी वापरात असलेलं हे औषध ग्लुटामेटच्या एनएमडीए रिसेप्टरचं दार अडवतं. ग्लुटामेट पेशींना उत्तेजित करतं, मग दार अडवल्यावर मेंदू शांत व्हायला हवा. होतं उलटं. सर्वाधिक मान्य असलेल्या मांडणीनुसार आधी गप्प होतात त्या इतरांना आवरणाऱ्या गाबा-पेशी. त्यांचा लगाम सुटला की ग्लुटामेटचा एक झोत येतो आणि तो एएमपीए नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरवर पडतो. त्यातून बीडीएनएफ हे पेशीपोषक प्रथिन बाहेर पडतं, एमटॉर ही प्रथिनं बनवणारी साखळी चालू होते आणि चेतापेशींच्या फांद्यांवर नवे काटे, म्हणजे जोडण्यांच्या जागा, उगवतात. ही गोष्ट ऐकायला फार सुबक आहे, म्हणून थोडं सावध राहावं: मेमँटिन हे औषधही एनएमडीएच अडवतं, पण नैराश्यात ते काही करत नाही. नुसतं दार अडवणं पुरेसं नाही, एवढं त्यातून कळतं.

आता उंदरांवरचा एक प्रयोग, कारण सगळ्या तुलनेची किल्ली त्यात आहे. 2019 मध्ये संशोधकांनी ताणाने खचलेल्या उंदरांना केटामाइन दिलं आणि मेंदूच्या पुढच्या भागातले काटे मोजत राहिले. वागणं सुमारे तीन तासांत सुधारलं, पण नवे काटे दिसू लागले ते बारा तासांनंतर. मग तेच नवे काटे मुद्दाम नष्ट केले, तेव्हा आलेली सुधारणा टिकली नाही. म्हणजे उठवणारी यंत्रणा वेगळी आणि टिकवणारी वेगळी.

माणसांतही हेच चित्र दिसतं. 2006 च्या एका छोट्या अभ्यासात शिरेतून केटामाइन दिल्यावर दोन तासांच्या आत फरक दिसला आणि दुसऱ्या दिवशी 71 टक्के रुग्णांना चांगला प्रतिसाद होता. तो किमान आठवडाभर टिकला फक्त 35 टक्क्यांत. म्हणून एक सलाईन म्हणजे उपचार नव्हे. पुढे किती, कधी आणि सोबत काय, हे आधीच ठरवून घ्यावं लागतं.

शिरेतलं केटामाइन की नाकातला एस्केटामाइनचा फवारा? केटामाइनच्या रेणूची डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं असतात. फवाऱ्यात त्यातलं एकच असतं आणि ते एनएमडीएला जास्त घट्ट धरतं. शिरेतून साधारणपणे किलोमागे 0.5 मिलिग्रॅम, 40 मिनिटांत देतात. मात्रा बारकाईने सांभाळता येते, पण नैराश्यासाठी हा वापर मुख्यतः परवान्याबाहेरचा आहे, त्यामुळे पद्धत केंद्रागणिक बदलते. फवाऱ्याला अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2019 मध्ये मान्यता दिली, ती इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी. त्याचं वेळापत्रक पक्कं आहे: पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग गरजेनुसार आठवड्याने किंवा पंधरवड्याने.

वेळ मात्र जातो. फवाऱ्याच्या एका उपकरणात 28 मिलिग्रॅम असतात, पूर्ण मात्रेला अशी तीन लागतात आणि दोन उपकरणांमध्ये पाच मिनिटं थांबायचं. त्यानंतर निदान दोन तास देखरेखीखाली बसायचं. साधारण 40 मिनिटांनी रक्तदाब सर्वांत वर जातो, आजूबाजूचं जग लांब गेल्यासारखं किंवा शरीर आपलं नसल्यासारखं वाटू शकतं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. सुधारून स्थिरावलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात फवारा चालू ठेवलेल्यांपैकी सुमारे 27 टक्क्यांना नैराश्य परतलं, थांबवलेल्यांपैकी 45 टक्क्यांना. आठवड्याच्या या फेऱ्या आणि सोबत येणारा माणूस जमणार नसेल, तर हा पर्याय कागदावरच चांगला. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असेल किंवा पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर फवारा नकोच.

घरी घ्यायची गोळी हवी असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि बुप्रोपिऑन यांची जोडगोळी आहे, एफडीएची मान्यता 2022 ची. पहिलं खोकल्याच्या औषधातलं, तेही एनएमडीए अडवतं, पण यकृत त्याचा लगेच फडशा पाडतं. बुप्रोपिऑन ते काम करणाऱ्या विकराला रोखून धरतं. इथे झटपट म्हणजे तास नव्हेत, आठवडा. दवाखान्याच्या फेऱ्या नाहीत, हा मोठा फायदा. फिटच्या झटक्यांचा इतिहास किंवा खाण्याचे विकार असतील तर मात्र चालत नाही.

झुरानोलोनचा मार्ग पूर्ण वेगळा. बाळंतपणानंतर अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे मेंदूला शांत ठेवणारं द्रव्य झपाट्याने घटतं. झुरानोलोन त्याच्यासारखं गाबा-ए रिसेप्टरवर काम करतं. रोज संध्याकाळी स्निग्ध पदार्थांसोबत, फक्त 14 दिवस. चाचणीत तिसऱ्या दिवशीच फरक दिसला आणि 45 व्या दिवशीही तो टिकून होता. टिकण्याच्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर या यादीत दुसऱ्या कुणाकडे नाही. पण 2023 ची मान्यता बाळंतपणानंतरच्या नैराश्यापुरतीच आहे, आणि गुंगीमुळे गोळी घेतल्यावर 12 तास गाडी चालवायची नाही.

सायलोसायबिन या काही अळंब्यांतल्या भास घडवणाऱ्या द्रव्याचा गाजावाजा बराच आहे, पण बहुतेक देशांत ते चाचण्यांपुरतंच आहे, तेव्हा आज निवडीत धरायला नको. विजेचा उपचार (ईसीटी, म्हणजे भूल देऊन मेंदूतून थोडा वीजप्रवाह सोडणं) मात्र धरावा, नाव ऐकून बिचकू नये. 2023 मध्ये भास-भ्रम नसलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत शिरेतलं केटामाइन त्याच्या तोडीस तोड ठरलं: प्रतिसाद 55 टक्के, विजेच्या उपचाराला 41, आणि स्मृतीवरचा परिणामही केटामाइनचा कमी. भास-भ्रम असतील किंवा रुग्ण खाणंपिणं सोडून निश्चल झाला असेल, तर मी केटामाइनच्या मागे न लागता विजेच्या उपचाराबद्दल आधी विचारेन.

आत्महत्येचे विचार तीव्र असतील तर यातलं काहीही घरी बसून ठरवू नका, आजच रुग्णालय गाठा. एस्केटामाइनच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे की आत्महत्या रोखण्याची त्याची क्षमता सिद्ध झालेली नाही, म्हणून फवारा मिळाला तरी देखरेख सुटत नाही. बाकीच्यांनी डॉक्टरांकडे जाताना आधी पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ घेतलेल्या औषधांची यादी, रक्तदाबाचे आकडे आणि दर आठवड्याला सोबत कोण येऊ शकेल याचं उत्तर घेऊन जावं.