भाऊंचा नकाशा आणि माझे 10 लाख 55 हजार

पुणे महापालिकेत आलेल्या 23 गावांपैकी एका गावात मी दीड गुंठा घेतला. घेतला कसला, पैसे दिले! 51,000 टोकन, 4,00,000 चेकने, 5,69,000 रोख आणि वर ‘कागदपत्रांचे’ 35,000. हातात काय, तर 500 च्या स्टॅम्पवरचं नोटरी साठेखत. रोख देऊच नका. त्या 5,69,000 चा माझ्याकडे चिटोराही नाही.

गुंठ्यांचा धंदा कसा चालतो ते मलाही माहीत होतं. पण दोघं कमावूनही फ्लॅटचा हप्ता झेपत नाही, तेव्हाच माणूस गुंठ्याकडे वळतो. हाव नव्हती ती.

साईट ऑफिसात नकाशा टांगला होता. आमचा तुकडा पिवळा, म्हणजे रहिवासी झोन. तो पिवळा रंग रेघेबाहेर आला होता, स्केचपेनने भरल्यासारखा. मी विचारलं, “शिक्का कुठंय?” एजंट म्हणाला, “दादा, विकास आराखडा भाऊंच्या बैठकीत ठरतो, शिक्का काय मागता?” तिथेच उठायला हवं होतं. भाऊ म्हणजे इथले पुढारी. उलट मला धीर आला, की भाऊंचा माणूस आहे म्हणजे काम पक्कं. ते वाक्य आठवलं की आजही झोप उडते.

30 जून 2021 ला गाव महापालिकेत गेलं. नोंदणी विभागाच्या 12 जुलैच्या परिपत्रकाने ले-आउट मंजूर नसलेल्या गुंठ्यांची दस्तनोंदणी अडली आणि आम्ही 11 जणांनी मिळून करायचं ‘11 जणांत 11 गुंठे’ असं एकत्र खरेदीखत लटकलं. मग प्रारूप आराखडा आला. आमचा तुकडा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेती झोनमध्ये. ओढ्यापलीकडची भाऊंच्या मेव्हण्याची जमीन पिवळी, तीही नव्या रस्त्याला लागून. काय पिवळं होणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं, म्हणूनच हिरवं आमच्या गळ्यात मारलं.

जमीन कुठल्या झोनमध्ये आहे ते सांगणारा झोन दाखला स्वतः अर्ज करून काढा, एजंटने आणलेला नको.

पोलिसांकडे चार चकरा मारल्या. “दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.” तलाठी म्हणतो, सातबाऱ्यावर तुमचं नावच नाही. आराखड्यातले बदल कुणाच्या सूचनेवरून झाले, हे माहिती अधिकारात विचारलं. उत्तर आलं, ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ मेव्हण्याच्या जमिनीवर बांधकाम परवानगी मात्र वेळेत मिळते! आम्ही 11 घरं, एकालाही साधी पोच मिळत नाही.

गेल्या आठवड्यात तोच एजंट, भाऊंचा तोच फोटो, फ्लेक्सवर फक्त पुढच्या गावाचं नाव. तिथे कुणी टोकन दिलं असेल, तर उरलेली रक्कम आजच थांबवा.