खांब पक्के, हिशेब कच्चा

सिमरोलच्या बाजूला आमची अर्धा एकर जमीन आहे, १६५ बाय १३२ फूट. गेल्या हिवाळ्यात तिला कुंपण घातलं ते रोजड्यांपायी. (नीलगायीला आमच्या माळव्यात रोजडा म्हणतात. हरभरा आपल्या ताटात यायच्या आधी त्यांच्या पोटात जातो.) खांब आणि काटेरी तार, दोन्ही इंदूरहून सिमरोलला जाताना लागणाऱ्या एका सिमेंट-पोलवाल्याकडून घेतलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

आधी माल. ७ फुटी खांब, ४ बाय ४ इंची, आत चार सळ्या. ओला असतानाच प्रत्येकावर खिळ्याने तारीख ओढलेली होती, हे मला फार आवडलं. २८ दिवस पाणी न प्यायलेला खांब ट्रॉलीतून उतरवतानाच बारीक चिरा पाडून घेतो. आमचे सगळे दीड महिन्याचे होते. दोन खांबांचे कोपरे उडून सळी दिसत होती. तिथून पाणी शिरतं, सळी गंजून फुगते आणि खांब फुटतो. दाखवल्यावर त्यांनी दोन्ही मुकाट्याने बदलून दिले.

तार वजनावर मिळते, आणि आपल्याला लागते लांबीवर. गोंधळ इथेच होतो. माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "आत्या, सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, दरसूचीत काटेरी तार १०० मीटरला किमान ९.३८ किलो धरतात, तेवढी बघून घे." मी स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत घालून गेले आणि १० मीटरचा तुकडा मोजायला मागितला. मालक हसले, "मैडम, सब्ज़ी थोड़ी है!" पण तुकडा दिला. ९४० ग्रॅम भरला. तारेला माझ्याकडून पूर्ण गुण.

आता हिशेब. मी ३१ वर्षं बँकेत कॅशियर होते, त्यामुळे दुसऱ्याने केलेली बेरीज मला तशीच पुढे सरकवता येत नाही. १० फुटांवर खांब, असं ठरलं होतं. मालकांनी बिलबुकाच्या मागे लिहिलं: १८, १८, १५, १५, एकूण ६६. प्रत्येक बाजू सुटी मोजल्यामुळे चारही कोपरे दोनदा आले होते. ते वजा केले की ६२. शिवाय एका आखूड बाजूला १२ फुटांचं फाटक, त्याचा विचारच नाही. मी खांब न मोजता गाळे, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा, मोजले. १६५ फुटांत १७ गाळे, दोन्हीकडे. मागच्या १३२ फुटांत १४. फाटकाच्या बाजूला उरले १२० फूट, म्हणजे १२. झाले ६० गाळे. कुंपण सलग फिरलं असतं तर खांबही ६०च लागले असते, पण फाटकाशी ते तुटतं, म्हणून एक जास्त, ६१. मालक म्हणाले, "आप ही लिख दो." लिहिलं.

तारेचंही तसंच. ५८२ फुटांच्या पाच ओळी म्हणजे ८८७ मीटर. प्रत्येक गाळ्यात दोन तिरप्या तारा, साधारण साडेदहा फुटी, त्या ३८४ मीटर. गाठी आणि वेढ्यांना पाच टक्के धरून १,३३५ मीटर, म्हणजे सव्वा क्विंटल. ते दीड क्विंटल घ्या म्हणत होते. मी सव्वाच घेतली आणि शेवटी हातभर भेंडोळं उरलं. घरी येईपर्यंत मी ह्यांना हा हिशेब तीनदा ऐकवला होता.

चौथ्या दिवशी मिस्त्री शेतावर उभे राहून विचारतात, टेके कुठे आहेत? पाच ओळी ताणल्या की कोपऱ्याचा खांब आत झुकतो, त्याला दोन्ही अंगांनी तिरपा टेका लागतो. कोपऱ्यांचे आठ, फाटकाच्या दोन्ही टोकांना एकेक, लांब बाजूंच्या मध्यावर दोन-दोन. एकूण १४. मालकांच्या कागदात ते नव्हते आणि माझ्याही. पण मी जन्मात एकदा कुंपण घालते, ते रोज खांब विकतात! "आपने बोला नहीं" हे उत्तर मला पटलं नाही. ट्रॉलीच्या दुसऱ्या खेपेचे १,८०० रुपये मीच भरले. पाच खांब वाचवल्याचा आनंद तिथेच आटोपला.

लावताना सुतळीवर गाठी मारून अंतर घेऊ नका, सुतळी ताणली जाते. टेप कोपऱ्याला धरून सलग खुणा करा. १६५ फुटांत १०-१० फूट टाकत गेलात तर शेवटी ५ फुटांचा गाळा उरतो आणि तो कायम डोळ्यांत खुपतो. आम्ही प्रत्येक गाळा ९ फूट साडेआठ इंचांचा केला. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खड्डे २ फूट खोल घेतले आणि काँक्रीट १:३:६चं (एक भाग सिमेंट, तीन वाळू, सहा खडी) भरलं. टेक्यांसकट १६ गोणी सिमेंट गेलं. पावसाळ्यानंतर ओळंबा लावून पाहिला, एक खांब सोडला तर सगळे सरळ होते.

फाटकाला ४ इंची खांब चालतील हेही मालकांचंच म्हणणं. लोखंडी फाटक टांगल्यावर महिन्याभरात कडी बसेना. ६ इंची दोन खांब आणून बसवले. जुने दोन परत घ्यायला त्यांनी नकार दिला, सिमेंट चिकटलंय म्हणून. ते आता विहिरीपाशी रोवले आहेत आणि त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढवलाय.