साडेसहा अँपिअरचा पंखा आणि ४४,९०० रुपये

“व्हिस्कस गेलाय भाऊ. बघा, बोटानं फिरतोय. कामून त्याच्यावर खर्च करता?”

असं गॅरेजवाला म्हणाला. सकाळची वेळ, इंजिन गार, बोनेट उघडं. पंखा दोन वेळा फिरवून दाखवला की गिऱ्हाईक गार. पण गार इंजिनावर व्हिस्कस क्लच (इंजिन आणि रेडिएटरचा पंखा यांना जोडणारा तेलाचा क्लच) सैलच फिरतो, थोडासा चिकट लागतो इतकंच, आणि तो तसाच लागायला हवा. रेडिएटरमधून येणाऱ्या गरम हवेनं समोरची बायमेटलची पट्टी तापते, आतलं सिलिकॉन ऑइल पसरतं आणि मग पंखा धरतो. तपासायचाच तर इंजिन चांगलं तापवून, बंद करून, मग हात लावायचा. तेव्हाही भिंगरीसारखा फिरला किंवा पट्टीपाशी तेलाचा ओघळ दिसला तर क्लच गेला म्हणा. हे सगळं मला माहीत होतं. तरी मान डोलावली. बाहेर ४३ डिग्री, गाडीत चार माणसं आणि चढावर तापमानाचा काटा लालकडे जातोय अशी गाडी असली की माणूस कशालाही हो म्हणतो.

जीप जुनी, डीआय इंजिनाची. काटा चढायचं खरं कारण पंखा नव्हताच. रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू, गवताचं कुसळ आणि वर तेलकट धूळ, असा थर बसला होता. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, लांबून पाणी मारलं असतं (जवळून प्रेशर मारलं की पाती आडवी होतात) तर काम दीडशे रुपयांत निपटलं असतं.

त्याऐवजी हिशेब असा लागला. “इंपोर्टेड” १६ इंची इलेक्ट्रिक पंखा १४,५००, वायरिंग आणि रिले २,२००, मजुरी १,८००. एकूण १८,५००. त्यातून माझ्या जुन्या व्हिस्कस पंख्याचे ५०० वजा. १०,००० ऑनलाइन, ८,००० रोख. म्हणजे चालता पंखा पाचशेला देऊन आलो. तेलही गेलं, तूपही गेलं. जुना सुटा भाग गॅरेजात कधीही सोडू नका, मोडका असला तरी पोत्यात घालून घरी आणा.

“लिटरमागं दोन किलोमीटर वाढतील” हे वाक्य ऐकलं की तिथूनच गाडी वळवा. कायम फिरणारा घट्ट (बिनक्लचचा) पंखा जास्त आरपीएमला काही हॉर्सपॉवर खातो हे खरं. पण व्हिस्कस गार असताना स्वतःच घसरतो, तिथं वाचवायला उरतं किती? आणि इलेक्ट्रिक पंख्याची वीज आकाशातून येत नाही, अल्टरनेटरच्या बेल्टवरूनच येते.

आता तो क्षण. पंखा बसला, सुरू झाला, आवाज झकास. मी सवयीनं हातातलं बिल जाळीसमोर, ग्रिलवर धरलं. रेडिएटरच्या मागं, इंजिनाच्या बाजूला बसवलेला पंखा हवा आत ओढतो, म्हणजे कागद ग्रिलला चिकटायला हवा. बिल फडफडलं आणि माझ्या छातीवर आलं. तो हसून म्हणाला, “गरम हवा भाहेर फेकतोय की भाऊ, चांगलंच हाय.” आणि मी बिल घडी करून खिशात घातलं.

त्या घडीवर आजही जीव जळतो. पंखा पुढून ढकलणारा होता, मागं तसाच लावला होता. गाडी पळताना समोरून येणारी हवा आणि पंख्याची हवा एकमेकींना अडवतात, जाळीत काहीच फिरत नाही. दोन वायरी उलट केल्या तर मोटर उलटी फिरते, पण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी घडवलेला असतो. हवा येते, पण अर्धवट.

त्याच बिलावर जीएसटी नंबर २७ नं सुरू होत होता, महाराष्ट्राचा असतो तसा. अक्षरं-आकडे मोजले असते तर १४ निघाले असते. हवेत १५. पैसे देण्याआधी मोजा.

खोक्यावर २,५०० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) छापलं होतं. स्टिकरवर काहीही छापता येतं. नंतर वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला: १३.२ व्होल्टला ६.५ अँपिअर, म्हणजे ८६ वॅट. एवढी हवा खरंच ओढणारा १६ इंची पंखा विसाच्या पुढं अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. मोटर उघडली तर एक कार्बन ब्रश नवा, एक अर्धा झिजलेला, आणि बॉडीवर आधीच्या कुठल्या तरी लहान गाडीच्या पट्टीची भोकं. भंगारातला माल, वरून काळा स्प्रे.

आणि समजा खराच २५ अँपिअरचा पंखा दिला असता, तर त्या वायरिंगनं गाडी पेटली असती. दीड एमएमची वायर, रिले नुसता चिकटवलेला, लोड सगळा इग्निशन स्विचवरून. अशा पंख्याला ६ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, ४० अँपिअरचा रिले, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला फ्यूजमधून आलेली बॅटरी, ८७ वरून पंखा, ८५-८६ वर थर्मोस्विच (तापलं की चालू होणारा). अर्थिंगची वायर रंगावर नाही, घासून पत्र्यावर, जमल्यास थेट इंजिनाला. पंखा चालू असताना बॅटरीवर आणि पंख्याच्या पिनांवर व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वायर किंवा जोड खराब. अल्टरनेटरची पाटी आधी वाचा. ३५ अँपिअरच्या अल्टरनेटरवर २५ चा पंखा आणि रात्रीचे हेडलाइट, मग बॅटरी बसणारच.

पंखा जाळीच्या आरपार केबल टाय घालून बांधला होता. सगळी जाळी झाकणारं कव्हर नाही, म्हणजे पंख्याच्या गोलाच्या बाहेरची जाळी मेलेली. थरथरीनं टाय रेडिएटरच्या ट्यूबवर घासत राहिला आणि ती गळायला लागली. मांजरसुंब्याच्या घाटात काटा वर गेला आणि मग एकदम खाली आला. बरं वाटलं! खाली आला कारण पाणीच संपलं होतं; सेन्सर कोरडा पडला की काटा खोटं बोलतो. टोचन ३,५००. रेडिएटरचा कोर ६,४००. हेड गॅस्केट आणि फेसिंग ११,२००. जुन्या बाजारातून व्हिस्कस आणि पंखा परत ५,८००. आधीचे १८,००० धरून सगळे मिळून ४४,९००.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी: “पैसे तुम्हीच दिले ना? मग दिवाणी आहे.” दुसऱ्या दिवशी: गाडी जिथं बंद पडली ती हद्द वेगळी, तिकडं जा. तिकडचे म्हणाले, दुकान जिथं तिथं जा. तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तात. चौथ्या खेपेला एकानं मोटर हातात घेऊन विचारलं, “फिरते का?” फिरते म्हटलं. “मग फसवणूक कशी?” कागदावर खोटं छापून जुनी मोटर नवी म्हणून विकली, याला दुसरं काय म्हणतात ते त्यांनीच सांगावं. दुसऱ्या एका कार्यालयात खोट्या बिलाची तक्रार द्यायला गेलो तर अर्जात विक्रेत्याचा बरोबर १५ अंकी नंबर हवा म्हणे. नंबर खोटा आहे हीच तर तक्रार! टपालाची पोच मागितली तर टेबलावरचा पंखा माझ्याकडं वळवून दिला.

जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं: २०१९ च्या कायद्याप्रमाणं दोन वर्षांच्या आत, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण रोख ८,००० ची पावती कुठून आणू? रोख देऊ नका.

इलेक्ट्रिक वाईट असं नाही. नदीपात्रात उतरताना बंद करता येतो. घट्ट पंख्याची पाती पाण्यात वाकून जाळीला लागतात, हा धोका टळतो. दगडधोंड्यातून पहिल्या गिअरला रांगताना इंजिन हळू, तरी हवा पूर्ण. त्यासाठी सीलबंद मोटरचा, ओढणारा पंखा, पूर्ण कव्हर, लोखंडी पट्ट्यांवर फ्रेमला बांधलेला. पण मे महिन्यात ट्रॉली मागं लावून चढायचं असेल तर माझं मत कव्हरसकट व्हिस्कसलाच. इलेक्ट्रिकमध्ये एक रिले वितळला की सगळं थांबतं, आणि ते कळतं काटा चढल्यावर.

मोटर धुतलेली नाही. स्प्रेखालची भोकं, ब्रश आणि मीटरवरचा ६.५ चा आकडा, तिन्हींचे फोटो बिलासोबत ठेवलेत. आयोगाचा अर्ज लिहितोय.