बाळ अंगाशी बांधायचं लांब कापड: बरेच महिने वापरल्यावर

आधी कापडाची माहिती. पूर्ण सुती, तिरक्या विणीचं, लांबी साधारण साडेचार मीटर, पन्हा सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, दोन्ही टोकं तिरकी कापलेली. बकल नाही, पट्टा नाही, शिवलेली पिशवी नाही. लेक जेमतेम महिन्याची होती तेव्हा ते घरात आलं. आता ती खुर्चीला धरून उभी राहते आणि कापड अजून वापरात आहे. मीही बांधतो, बायकोही बांधते. एवढ्या वापरानंतर माझं मत असं झालंय की बाळाला या कापडाची काही गरज नसते, त्याला माणूस हवा असतो. गरज असते ती उचलणाऱ्याच्या खांद्यांना, मनगटांना आणि कमरेला. त्यामुळे ‘बाळाला ते आवडेल का’ यापेक्षा ‘मला ते रोज बांधवेल का’ हे बघून घ्यावं. हा अनुभवही त्याच अंगाने लिहितोय.

पहिल्या महिन्यांत बाळ किती रडतं याची आधी कल्पना असली की कापडाकडून भलत्या अपेक्षा राहत नाहीत. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यांत जास्त होतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. त्यातही संध्याकाळ अवघड. हुन्झिकर आणि बार यांचा १९८६ सालचा एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यात आयांच्या एका गटाला बाळ रडत नसतानाही रोज जास्तीचा वेळ अंगाशी धरायला सांगितलं होतं. सहा आठवड्यांची झाली तेव्हा त्या बाळांचं रडणं आणि किरकिरणं दुसऱ्या गटापेक्षा ४३ टक्के कमी होतं. जाहिरातींमध्ये हा आकडा हमखास दिसतो. पण बार यांनीच पुढे, आधीपासून खूप रडणाऱ्या बाळांवर हाच उपाय करून पाहिला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रडणं कमी झालेलं दिसलं नाही.

आमच्याकडेही तसंच दिसलं. दिवसभर जवळ घेतलेलं असलं की संध्याकाळ जरा हलकी जायची. पण एकदा ती पेटून रडायला लागली की कापडात घालणं हा काही इलाज नव्हता. काही संध्याकाळी ती माझ्या छातीशी बांधलेली असूनही तेवढंच रडली. फरक एवढाच, की तिला घेऊन मी तासभर घरभर फिरू शकलो, आणि माझे हात दुखून तिला खाली ठेवायची वेळ आली नाही. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे. रडणं थांबवणं आपल्या हातात नसतं तेव्हाही तिच्यासोबत राहणं आपल्या हातात असतं, आणि त्यासाठी अंगात ताकद उरावी लागते.

घेण्याआधी इतर प्रकार वापरून पाहिले. कड्यांची स्लिंग ओळखीच्यांकडून काही आठवडे आणली होती. एका खांद्यावरून घेऊन दोन कड्यांतून कापड ओढलं की झालं, घालणं-काढणं सगळ्यांत झटपट. पण सगळा भार एकाच खांद्यावर येतो आणि अर्ध्या तासानंतर मान आखडते. थोडा वेळ कडेवर घ्यायचं असेल, किंवा नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाची सारखी चढ-उतर चालू असेल, तर तीच चांगली. होजिअरीसारखं ताणणारं कापड तान्ह्या बाळाला छान बसतं आणि आधीच बांधून ठेवता येतं. वजन वाढलं की मात्र त्याला झोळ पडतो आणि बाळ हळूहळू खाली सरकत जातं. पाठीवर बांधायला ते चालत नाही. बकलवाली कॅरिअर शिकायला सर्वांत सोपी, फक्त तिची बैठक तान्ह्या बाळाच्या मापाला अरुंद करता येते का हे बघावं लागतं. शिवाय दोघं आलटून-पालटून वापरणार असाल तर दर वेळी पट्टे सैल-घट्ट करत बसावे लागतात. साध्या विणलेल्या कापडाला स्वतःचं मापच नसतं. मी उंच, बायको माझ्यापेक्षा बरीच ठेंगणी, आणि तेच कापड दोघांनाही नेमकं बसतं. आम्ही हे निवडलं ते त्यासाठीच.

आता शिकण्याबद्दल, कारण बहुतेक लोक इथेच ते सोडून देतात. आम्ही समोरची फुली शिकलो. कापडाचा मध्य छातीवर धरायचा, दोन्ही टोकं काखेखालून पाठीवर नेऊन तिथे फुली करायची, खांद्यांवरून पुढे आणायची आणि छातीवरच्या पट्ट्याखालून काढायची. तयार झालेल्या कप्प्यात बाळ वरून बसवायचं, मग टोकं त्याच्या बुडाखाली एकमेकांवरून फिरवून, पायांच्या खालून मागे नेऊन पाठीवर गाठ. सांगायला सोपं आहे. सगळं कसब ताणण्यात आहे. टोक धरून एकदम जोरात ओढलं तर बाहेरचा काठ घट्ट होतो आणि मधला भाग सैलच राहतो, मग दहा पावलं टाकली की बाळ दोन बोटं खाली आलेलं असतं. ताण काठाकाठाने, पन्ह्याचा थोडा-थोडा भाग हातात घेत काढावा लागतो: आधी मानेजवळचा काठ, मग मधला भाग, मग गुडघ्याच्या लवणीजवळचा. दोन्ही काठ वेगळ्या रंगाचे असले तर कुठला सैल राहिलाय ते लगेच कळतं. विकत घेताना ही एक गोष्ट जरूर बघा. मध्याची खूण शिवलेली असणंही तितकंच उपयोगाचं.

बाळ घालण्याआधी बाहुलीवर किंवा वजनदार उशीवर सराव करा, आणि पहिल्यांदा बाळ घालाल तेव्हा पलंगाजवळ उभे राहा. बाळ पोट भरलेलं, झोप झालेलं आणि खुशीत असताना शिका. भुकेल्या बाळाला घेऊन शिकायला बसलं की दोघांच्याही मनात कापडाची अढी बसते. नवं कापड कोरं आणि ताठ असतं, गाठ नीट बसत नाही. चार-पाच वेळा धुऊन, ओलसर असताना इस्त्री करून, मोकळ्या वेळी त्याची वेणी घालून-सोडून ते मऊ पडतं. आमचं महिन्याभराने खऱ्या अर्थाने अंगावर बसू लागलं.

सुरक्षेबद्दल सविस्तर लिहितो, कारण ‘नैसर्गिक’ म्हटलं की ते आपोआप सुरक्षित असं धरून चालणारे लोक भेटतात. अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल इशारा दिला होता. त्याआधीच्या वीस वर्षांतले चौदा बालमृत्यू त्यांनी तपासले होते आणि त्यातली बारा बाळं चार महिन्यांपेक्षा लहान होती. कारण समजून घ्यायला अवघड नाही. तान्ह्या बाळाचं डोकं जड आणि मान कमकुवत असते. खोल पिशवीत बाळ वाकून पडलं आणि हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दुमडते, आणि ते आवाजही न करता गुदमरतं. कापड नाकातोंडावर आलं किंवा तोंड आपल्या अंगात दाबलं गेलं तरी तोच धोका.

म्हणून आमच्याकडे काही गोष्टींत अजिबात सूट नव्हती. बाळ उभं, आडवं कधीच नाही. मान खाली घातली की तिच्या टाळूची पापी घेता आली पाहिजे, एवढ्या उंचीवर ती असली पाहिजे. चेहरा सतत दिसला पाहिजे, त्यावर कापडाचा एकही पदर नको, वरून शाल नको. हनुवटी आणि छाती यांच्यात एक बोट सहज जावं. आणि पाठीवर हात ठेवून हलकं दाबलं तरी बाळ आणखी मिटता कामा नये, तेवढा ताण हवा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, वजनाने कमी असेल, किंवा सर्दीने नाक चोंदलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कापडात घालू नका. दमलेल्या माणसाने बाळ बांधून सोफ्यावर टेकायचं नाही, हाही नियम आम्ही केला. झोप कधी लागते कळत नाही.

पायांची ठेवण तितकीच महत्त्वाची. नवजात बाळाच्या खुब्याचा सांधा बराचसा कूर्चेचा असतो, त्याची खोबण अजून घडत असते. पाय सरळ खाली लोंबकळत ठेवणं त्याला मानवत नाही. गुडघे बुडापेक्षा वर आणि मांड्या बाजूला फाकलेल्या, असं बेडकासारखं बसलं की सांध्याचा गोळा खोबणीत नीट राहतो. त्यासाठी कापड एका गुडघ्याच्या लवणीपासून दुसऱ्या लवणीपर्यंत पसरलेलं हवं. पाठ आपली आपण किंचित गोलाई घेते, ती ताणून सरळ करायला जाऊ नये. बाहेरच्या बाजूला तोंड करून आम्ही कधीच बांधलं नाही. तसं बसवलं की मांड्यांना आधार राहत नाही, आणि कंटाळलं तर बाळाला तोंड लपवायला जागाही उरत नाही.

खूप उपयोगी पडलेली एक गोष्ट. जपानमधल्या कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये रडणाऱ्या बाळांना झोपवण्याबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून निघालेला सल्ला असा: बाळाला घेऊन पाच मिनिटं न थांबता, एका लयीत चाला. झोप लागली की लगेच खाली ठेवू नका, कुशीत घेऊन आणखी पाच ते आठ मिनिटं बसून राहा, मग ठेवा. आम्ही हे कापडासकट केलं. गाठ सोडून, कापड तिच्या पाठीवरून हलकेच उलगडत तिला पलंगावर पाठीवर ठेवायचं आणि कापड लगेच काढून घ्यायचं, तिच्याजवळ राहू द्यायचं नाही. दर वेळी जमलं असं नाही, पण घाईने ठेवण्यापेक्षा पुष्कळदा जमलं.

बायकोचा अनुभव माझ्याहून वेगळा होता. पहिले आठवडे तिने कापड वापरलंच नाही. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या स्नायूंना सावरायला वेळ लागतो, आणि पोटावर टाके असतील तर त्यावर येणारी गाठ किंवा घट्ट पट्टा सहन होत नाही. तोवर कापड माझं होतं, आणि हे फार चांगलं झालं. अंगावर पाजणं मला शक्य नव्हतं, पण पाजून झाल्यावर बाळ माझ्या छातीशी यायचं, ढेकर काढून तिथेच झोपायचं, आणि आईला दोन तास सलग झोप मिळायची. माझा वास, माझ्या आवाजाची घरघर लेकीला ओळखीची झाली ती त्या तासांत. नव्या बाबांना माझा आग्रहच आहे की कापड बांधायला बायकोच्या आधी तुम्ही शिका. कापडातच पाजता येतं असं काही जण सांगतात. आम्ही ते टाळलं. पाजताना बाळ खाली घ्यावं लागतं, मानेची ठेवण बदलते, आणि पाजून झाल्यावर पुन्हा वर घेऊन कसायचं राहून गेलं तर धोका असतो. बसून, कापड काढून पाजणं आम्हाला बरं वाटलं.

उकाड्यात कापड त्रासदायक आहे, हे स्पष्ट सांगतो. दोन शरीरं एकमेकांना तापवतात, आणि कापडाचा प्रत्येक पदर हा बाळाच्या अंगावरचा एक कपडाच असतो. म्हणून आतले कपडे कमी घाला आणि मानेमागे हात लावून बघत राहा, घाम असेल तर बाहेर काढा. पायमोजे जोडलेले कपडे नकोत. कापडात बसल्यावर ते ताणले जाऊन बोटं मुडपतात. शेगडीजवळ, गरम चहा पिताना, सायकलवर किंवा कुठल्याही वाहनात बाळ कापडात नको. गाडीतल्या सीटची जागा हे कापड घेऊ शकत नाही.

साधारण सहा महिन्यांनंतर, मान पक्की झाली आणि ती स्वतः बसायला लागली तेव्हा पाठीवर बांधायला शिकलो. समोर बांधलेली असताना खाली वाकलं की कंबर भरून यायची. पाठीवर आल्यावर तो त्रास गेला, केर काढणं, कपडे वाळत घालणं पुन्हा जमू लागलं. मात्र पाठीवर घेताना सुरुवातीला मागे कोणीतरी उभं असलंच पाहिजे. आता तिला उतरून रांगायचं असतं, त्यामुळे वेळ कमी झालाय. तिची इच्छा नसताना आम्ही बांधत नाही, जमिनीवर लोळणं तिच्या स्नायूंसाठी तितकंच गरजेचं आहे.

धुण्याचं फार अवघड नाही: थंड किंवा कोमट पाणी, साधी साबण पावडर, कपडे मऊ करणारं द्रव अजिबात नको, सावलीत वाळवणं. महिन्यातून एकदा उजेडासमोर धरून पूर्ण लांबी बघून घ्या, कुठे धागा ओढला गेलाय का, वीण विरळ झालीय का. ओढलेला धागा कापू नका, सुईने आत घेता येतो. वापरलेलं कापड मिळालं तर खुशाल घ्या, ते आधीच मुरलेलं असतं. फक्त काठांची शिवण, घडीवरच्या रेषा आणि डागांच्या जागा बोटांनी ताणून तपासा. कड्यांची स्लिंग असेल तर कड्यांना जोड किंवा चीर नाही ना ते बघा. आणि भोक पडलेलं कापड रफू केलेलं असलं तरी बाळासाठी घेऊ नका.