जुन्या स्पोर्ट्स कारचा क्लच पेडल स्विच: पार्ट चांगला आहे, पण ऑर्डर टाकायच्या आधी मीटर लावा

स्विच चांगला आहे, पाचपैकी चार स्टार. पण गाडी सेल्फ घेत नाहीये म्हणून घाईघाईत मागवायला निघाला असाल तर आधी हे वाचा, कारण बऱ्याचदा दोष स्विचचा नसतोच.

माझी गाडी नव्वदच्या दशकातली टू-सीटर, मॅन्युअल. त्रास असा की चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे एकदम झगझगीत पण स्टार्टरचा साधा टक् पण नाही, आणि क्लच सोडून परत जोरात दाबला की लगेच चालू. बॅटरी उतरली असती तर दिवे मंद झाले असते, टकटक आवाज आला असता, तसलं काहीच नव्हतं. मग संशय जातो तो पेडल पूर्ण खाली गेल्याशिवाय स्टार्टरला करंट जाऊ न देणाऱ्या स्विचवर.

आता एक लक्षात घ्या, बऱ्याच गाड्यांत क्लच पेडलवर दोन स्विच असतात. खालचा पेडल तळाला गेल्यावर दाबला जातो, तो स्टार्टिंगचा. वरचा पेडलवर जरा पाय पडला की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) त्याच्यावरच सुटतो. वरचा बिघडला तर क्रूझ लागत नाही, काही गाड्यांत गिअर बदलताना आरपीएम उगाच चढतात, पण सेल्फ मात्र लागतो. दोन्ही दिसायला सारखे असले तरी एक दाबल्यावर सर्किट जोडणारा आणि दुसरा तोडणारा असू शकतो, त्यामुळे नुसता फोटो बघून घेऊ नका. आणि स्कॅनरवर पी०७०४ कोड आला तर तो क्लच स्विचच्या सर्किटचाच, पण कोड नाही म्हणजे स्विच ओके असं अजिबात धरू नका, जुन्या गाड्यांत स्टार्टिंगचा स्विच ईसीयूला जोडलेलाच नसतो कधीकधी.

तपासायचं कसं तर डॅशबोर्डखाली डोकं घालून कनेक्टर काढायचा, मल्टीमीटर ओहमवर ठेवायचा आणि स्विचच्या दोन पिनांना टोकं लावून प्लंजर (स्विचचा आत दाबला जाणारा खुंटा) बोटाने दाबायचा. नुसत्या बीपवर विसंबू नका, बरेच मीटर वीस-तीस ओहमलासुद्धा बीप देतात, आकडा बघा. माझ्या जुन्या स्विचचा प्लंजर सरळ दाबला की आकडा चाळीसच्या आसपास नाचायचा, जरा बाजूला कलवला की एकदम शून्याजवळ यायचा आणि परत कलवला की सर्किट ओपन. आतले कॉन्टॅक्ट जळालेत याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको. काही जुन्या गाड्यांत स्टार्टर सोलेनॉइडचा (स्टार्टरला जोडणाऱ्या विद्युतचुंबकाचा) करंट थेट या स्विचमधूनच जातो, मोठा करंट स्वतःवर घेणारा रिले नसतो, म्हणून कॉन्टॅक्ट जळतातच.

मीटर नसेल तर कनेक्टरच्या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा लावूनही कळतं, पण गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला पाहिजे, नाहीतर गिअरमध्ये असलेली गाडी सरळ पुढे उडी मारेल. आणि तो जम्पर तसाच ठेवून गाडी फिरवू नका प्लीज, तो स्विच लोकांच्या जिवासाठीच दिलाय.

मीटरवर स्विच ठणठणीत निघाला तर पेडलच्या दांड्यावरचं छोटं प्लास्टिकचं किंवा रबरी बटण बघा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होऊन गळून पडतं, मग प्लंजर दाबला जाण्याऐवजी दांड्यावरच्या भोकात आरपार जातो आणि नवा स्विच टाकला तरी गाडी तशीच. मॅटवर तपकिरी चुरा सापडला तर समजून जा. जाड मॅटमुळे पेडल खाली टेकत नाही, किंवा पेडल ज्यावर फिरतं तो बुश झिजलाय, हे पण बघून घ्या.

आता हा पार्ट. आटे स्वच्छ, लॉकनट धातूचा, प्लंजर सरळ जातो आणि अडकत नाही. मीटरवर शून्याजवळ स्थिर आकडा, कसाही कलवला तरी हलत नाही, आणि तेव्हापासून सेल्फ पहिल्या चावीलाच लागतो. बसवताना ॲडजस्टमेंटला वेळ द्या, पेडल तळाला टेकायच्या जरासं आधी सर्किट जोडलं गेलं पाहिजे. स्विच फार पुढे आणला तर पायाचा सगळा जोर त्याच्यावरच येतो आणि प्लंजर तुटतो, मागे ठेवला तर परत तोच त्रास. लॉकनट घट्ट करताना स्विच स्वतः पण फिरतो, दुसऱ्या हाताने धरून ठेवा आणि शेवटी परत एकदा पेडल दाबून चेक करा.

एक स्टार कापला तो कनेक्टरच्या खटक्यासाठी. जुन्या स्विचला कनेक्टर कट्ट करून बसायचा, याला तो थोडा सैल बसतो. सुटला नाहीये, पण अशा जागी मला तो घट्टच हवा होता. आणि हा आटेवाला आहे, तुमच्या गाडीत खाचांवर सरकून स्वतः ॲडजस्ट होणारा प्लास्टिकचा स्विच असेल तर हा बसणार नाही.