ढालीवर आडवा पट्टा घ्यावा की ढालच आडवी दुभागावी?

शाळेसाठी, मंडळासाठी किंवा घराण्यासाठी युरोपीय धाटणीची ढाल, म्हणजे ‘हेराल्ड्री’ या शास्त्राप्रमाणे ढालीच्या आकारातलं ओळखचिन्ह, आखायला घेतली की बहुतेक जण आधी रंग निवडतात. माझं ठाम मत आहे की आधी ढालीवर चिन्ह कोणतं बसवायचं ते ठरवावं. आडव्या रेषा त्यावरून ठरतात.

चिन्हं तीन असतील तर ‘फेस’ घ्या. हा मधला रुंद पट्टा पुस्तकी मापाने ढालीच्या एक तृतीयांश असतो. ऑस्ट्रियाची लाल ढाल आणि तिच्यावरचा पांढरा पट्टा हा त्याचा सर्वांत स्वच्छ नमुना. ढाल खाली निमुळती होते, त्यामुळे पट्ट्याच्या वर दोन आणि खाली एक अशी तीन चिन्हं छान बसतात. पण सिंहासारखं एकच मोठं, उभं चिन्ह असेल तर त्याची आणि पट्ट्याची मधल्या जागेसाठी ओढाताण होते. तिथे फेस नकोच.

‘पर फेस’मध्ये पट्टा नसतो, ढालीचे वर-खाली दोन भाग होतात. स्वित्झर्लंडमधल्या सोलोथुर्नची ढाल वर लाल, खाली पांढरी आहे. नवख्यांचं या पर्यायाकडे लक्ष जात नाही, आणि खरी सोय इथेच आहे. या शास्त्राचा मुख्य नियम असा, की रंगावर रंग आणि धातूवर धातू ठेवायचा नाही. पिवळा म्हणजे सोनं आणि पांढरा म्हणजे चांदी, हे दोन धातू. लाल, निळा, काळा, हिरवा हे रंग. निळ्या ढालीवर लाल फेस म्हणूनच चालत नाही. दुभागलेल्या ढालीत मात्र दोन्ही भाग शेजारी-शेजारी असतात, एकावर एक नसतात. मंडळाचे रंग लाल-निळेच असतील तर हा सरळ मार्ग.

वरच्या कडेला लागून असलेल्या पट्ट्याला, म्हणजे ‘चीफ’ला, तोच नियम लागतो. पॅरिसच्या लाल ढालीवर निळा चीफ आहे खरा, पण फ्रेंच मंडळी तो ढालीवर ठेवलेला नव्हे, तर तिला ‘शिवलेला’ मानून नियमातून सोडवतात. नव्या ढालीत ही सवलत घेऊ नये.

एकच मोठं चिन्ह हवं असेल तर मागे ‘बॅरी’ घ्या. यात दोन रंगांचे आडवे पट्टे आलटून-पालटून सगळी ढाल भरतात आणि त्यांची संख्या सम असते. लक्झेंबर्गच्या ढालीत चांदी-निळ्या दहा पट्ट्यांवर लाल सिंह उभा आहे आणि तो दुरूनही ओळखू येतो. हंगेरीच्या ढालीच्या एका अर्ध्या भागात आठ पट्टे आहेत. पट्टे विषम दिसले तर ती बॅरी नव्हे. एका पार्श्वभूमीवर ठेवलेले ते ‘बार’. वॉशिंग्टन घराण्याच्या पांढऱ्या ढालीवर असे दोन लाल बार आणि वर तीन तारे आहेत. वॉशिंग्टन शहराने १९३८ मध्ये त्यावरूनच आपला झेंडा घेतला. छोट्या बिल्ल्यावर छापायचं असेल तर सहा पट्टे पुरेत, दहा एकमेकांत मिसळतात.

साध्या दुरंगी ढाली केव्हाच घेतल्या गेल्या आहेत. जर्मनीतल्या उल्मची आणि स्विस फ्रीबुरची, दोन्ही वर काळ्या, खाली पांढऱ्या. वेगळेपण हवं असेल तर रेषेची कड बदला: पाण्यासाठी लाटांची, किल्ल्यासाठी तटावरच्या चऱ्यांची. इंग्रजी पद्धतीत फेसला चऱ्या फक्त वरच्या कडेला येतात. खालीही हव्या असतील तर वर्णनात तसं स्पष्ट लिहावं लागतं.